तेजीच्या पोटात मंदी कशी वाढते

एप्रिल संपत आला की आमच्या जळगाव-धुळ्याच्या पट्ट्यात चहाच्या टपरीवर एकच प्रश्न फिरायला लागतो. "काय भो, यंदा काय लावतो?" विचारणारा सहज विचारल्यासारखं दाखवतो, पण उत्तर कान देऊन ऐकतो. शेजाऱ्यापाजाऱ्यांनी काय लावलं यावर आपल्या मालाला काय भाव मिळेल हे बरंचसं ठरतं, हे त्याला पक्कं ठाऊक असतं. आणि उत्तर देणाऱ्याच्या डोळ्यांसमोर असतो तो गेल्या हंगामातला भाव.

एवढ्याशा गोष्टीत बाजाराच्या चक्राचं निम्मं गणित आहे. उरलेलं निम्मं आहे पिकाला लागणाऱ्या वेळात. भाव आज दिसतो, माल सहा महिन्यांनी किंवा वर्षाने निघतो. मधल्या काळात आपल्यासारख्याच लाखो लोकांनी तोच भाव बघून तोच निर्णय घेतलेला असतो.

पाऊस, कीड, बाजार, यंत्रं, व्याजदर, सगळीकडे आपल्याला चक्रं दिसतात. "कालचक्र आहे, फिरणारच" असं म्हणून आपण मोकळे होतो. पण या एका नावाखाली दोन अगदी वेगळ्या जाती एकत्र बांधल्या जातात, आणि शेतकऱ्याचं, व्यापाऱ्याचं, गुंतवणूकदाराचं नुकसान बहुतेक वेळा त्या दोन जातींची गल्लत झाल्यामुळे होतं.

पहिली जात घड्याळाची. पृथ्वीचा आस कललेला आहे, ती सूर्याभोवती फिरते, म्हणून ऋतू येतात. आपण काहीही केलं तरी मृग जूनमध्येच लागणार. केळीच्या मृगबागेची लागवड जून-जुलैला आणि कांदेबागेची सप्टेंबर-ऑक्टोबरला होते, ती याच घड्याळावर. मागणीलाही असंच घड्याळ आहे. उत्तरेत कडाक्याची थंडी पडली की केळीचा उठाव मंदावतो. आंबा बाजारात आला की गिऱ्हाईक तिकडे वळतं. श्रावणात, नवरात्रात, रमजानमध्ये, छठपूजेला मागणी चढते. हे सगळ्यांना आधीपासून माहीत असतं, त्यामुळे यातून कोणी रातोरात श्रीमंत होत नाही आणि सहसा कोणी फसतही नाही.

दुसरी जात स्वतःच स्वतःला फिरवणारी. तिला सूर्य लागत नाही, पंचांग लागत नाही. तिच्यासाठी दोनच गोष्टी पुरतात: एक, लोक परिस्थिती पाहून आपलं वागणं बदलतात, आणि दोन, त्या बदलाचा परिणाम दिसायला वेळ लागतो. घरावर सोलर बंब असेल तर हे रोज सकाळी अनुभवता येतं. टाकी गच्चीवर, नळ खाली न्हाणीघरात. गरम पाण्याचा नळ थोडा उघडला, पाणी गारच. अजून उघडला, तरी गार. वैतागून पूर्ण उघडला, आणि मग एकदम चटका. घाईघाईने बंद केला की थोड्या वेळाने पुन्हा गारठा. बंबात काही बिघाड नाही, पाण्याचं तापमानही बदललेलं नाही. पाइपातल्या विलंबाचा विचार न करता आपण नळ फिरवत राहिलो, एवढंच.

आता बंब सोडून तुरीकडे येऊ, कारण जळगाव हे डाळमिलांचं गाव आहे आणि तुरीने या बाबतीत अख्ख्या देशाला धडा दिला आहे.

2014 आणि 2015 या लागोपाठ दोन वर्षी पाऊस कमी झाला. तुरीचं उत्पादन घटलं. 2015 च्या दिवाळीच्या सुमारास तूरडाळ किरकोळ बाजारात किलोला 200 रुपयांच्या आसपास गेली. वर्तमानपत्रं, टीव्ही, स्वयंपाकघर, सगळीकडे तूर एके तूर. पुढच्या खरिपात शेतकऱ्याने काय केलं असेल ते सांगायला ज्योतिषी नको. कपाशी-सोयाबीनच्या वावरात तूर शिरली, आंतरपिकाच्या ओळी वाढल्या. 2016 चा पाऊसही बरा झाला. देशातलं तुरीचं उत्पादन 2015-16 मध्ये साधारण 25.6 लाख टन होतं, ते 2016-17 मध्ये 48.7 लाख टनांवर गेलं. एका वर्षात जवळजवळ दुप्पट. हमीभाव बोनस धरून क्विंटलला 5,050 रुपये होता आणि बाजारात भाव त्याच्या बराच खाली गेला. सरकारी खरेदी केंद्रांपुढे ट्रॅक्टरांच्या रांगा लागल्या, बारदाना संपला, महिनोन्‌महिने माल पडून राहिला.

यात आणखी एक पीळ आहे. डाळ महाग झाली म्हणून सरकारनेही हालचाल केली. जुलै 2016 मध्ये मोझांबिकशी कडधान्य आयातीचा करार झाला. म्हणजे शेतकऱ्याने जो नळ उघडला, तोच सरकारनेही उघडला, आणि दोन्हीकडचं गरम पाणी एकाच वेळी अंगावर आलं. याच तुरीने पुढे 2023-24 मध्ये क्विंटलला 10,000 च्या वरचे भाव पाहिले आणि 2025 च्या सुरुवातीला ती पुन्हा हमीभावाखाली उतरली. दोन फेऱ्यांची कारणं तंतोतंत सारखी नव्हती. घडण मात्र तीच.

अर्थशास्त्रात याला कोळ्याच्या जाळ्याचा सिद्धान्त म्हणतात. भाव आणि उत्पादन यांचा आलेख काढला तर रेषा एकमेकींभोवती फिरत कोळिष्टकासारखी दिसते, म्हणून 1934 मध्ये निकोलस काल्डोर या अर्थतज्ज्ञाने हे नाव दिलं. त्याच्याही आधी, 1920 च्या दशकात, आर्थर हनाऊ या जर्मन अभ्यासकाने डुकरांच्या भावात हीच लय शोधली होती. मांसाचा भाव वाढला की शेतकरी जास्त माद्या राखतात, त्यांची पिल्लं मोठी होऊन बाजारात येईपर्यंत दीड-दोन वर्षं जातात, मग मांसाचा पूर येतो, भाव कोसळतो, शेतकरी माद्या विकून टाकतात आणि पुढच्या टंचाईची तयारी होते. देश वेगळा, जनावर वेगळं, पण आपल्या कांद्याला ओळख पटावी अशी कहाणी.

हा सिद्धान्त आणखी एक उपयोगी गोष्ट सांगतो. साध्या गणितात चक्राची लांबी विलंबाच्या साधारण दुप्पट येते. एक फेरा भाव पाहून लावण्याचा, दुसरा पडलेला भाव पाहून न लावण्याचा. म्हणून कोथिंबिरीची जुडी दोन-अडीच महिन्यांत आभाळाला भिडून पायदळी येते, वर्षातून एकदाच येणाऱ्या तुरीचा झोका वर्षाआड किंवा त्याहून जास्त काळाने बसतो, आणि लिंबू-डाळिंबाच्या बागांचं चक्र कित्येक वर्षांचं असतं. झाड लावायलाही वेळ लागतो, आणि लावलेलं झाड उपटायला मन धजावत नाही, त्यालाही वेळ लागतो.

झोका वाढत जाणार की हळूहळू शांत होणार, हे दोन गोष्टींवर अवलंबून आहे. डाळ स्वस्त झाली म्हणून कोणी दुप्पट वरण खात नाही आणि महाग झाली म्हणून पूर्ण सोडतही नाही. मागणी अशी ताठर असते. उलट शेतकरी एका हंगामात कपाशीवरून तुरीवर आणि तुरीवरून सोयाबीनवर सहज जाऊ शकतो, म्हणजे पुरवठा चपळ आहे. मागणी ताठर आणि पुरवठा चपळ, हा मेळ सगळ्यात वाईट. हमीभावाने प्रत्यक्ष खरेदी वेळेवर झाली तर झोका आवरतो. नुसता जाहीर केलेला हमीभाव मात्र कागदावरच्या ब्रेकसारखा.

केळीचं प्रकरण जरा निराळं आहे आणि त्यावर थोडं थांबायला हवं. रावेर, यावल, चोपडा, मुक्ताईनगर या पट्ट्यातली केळी म्हणजे खानदेशाची ओळख. जळगावच्या केळीला 2016 मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं. रोज सकाळी मोबाइलवर नवतीचा (नव्या लागवडीचा) भाव वेगळा, पिलबागेचा (कापलेल्या झाडाच्या पिलांपासून राखलेल्या बागेचा) वेगळा येतो, बऱ्हाणपूरच्या लिलावात काय झालं ते पाहिलं जातं. तुरीचं पोतं वर्षभर ठेवता येतं, केळीचा घड नाही. घड भरला की कापावाच लागतो, नाहीतर झाडावरच पिकतो, कलंडतो, वाऱ्याने आडवा होतो. साठवण नसल्यामुळे केळीत तेजी-मंदीची उडी वर्षावर्षाची न राहता आठवड्यांवर येते.

तंत्रज्ञानाने यात काय केलं ते फारसं कोणी बोलत नाही. पूर्वी कंद लावून केळी करत. पहिलं पीक हाती यायला सोळा ते अठरा महिने लागत, आणि एकाच बागेतली झाडं मागेपुढे निसवत, म्हणजे घड बाहेर काढत. कापणीही मग महिनोन्‌महिने चाले. 1990 च्या दशकापासून इथे ऊतिसंवर्धित (प्रयोगशाळेत वाढवलेली) रोपं आणि ठिबक आलं. पीक अकरा-बारा महिन्यांवर आलं, घड एकसारखे, वजनदार. उत्पन्न वाढलं यात वादच नाही. पण सगळी रोपं एका वयाची, एका दिवशी लावलेली, म्हणून ती एकदमच निसवतात आणि एकदमच कापणीला येतात. विलंब कमी झाला हे चांगलं. सगळ्यांचं वेळापत्रक एक झालं हे तितकंसं चांगलं नाही. पूर्वीचा विस्कळीतपणा हा एक प्रकारचा विमाच होता, आणि तो आपण नकळत मोडून टाकला, असं माझं मत. ज्याला वेगवेगळ्या महिन्यांत तुकड्या-तुकड्याने लागवड करणं परवडतं, तो हा विमा पुन्हा उतरवू शकतो. दोन एकरवाल्याला ते अवघड जातं, कारण पाणी, मजूर आणि गाडी भरण्याइतका माल, तिन्ही एकदमच लागतात.

कपाशीचं चक्र मात्र एका तालुक्याच्या हातात कधीच नव्हतं. ते कायम समुद्रापार बांधलेलं होतं, आणि याचा सगळ्यात मोठा पुरावा दीडशे वर्षांहून जुना आहे. एप्रिल 1861 मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं. इंग्लंडच्या लँकेशायरमधल्या गिरण्या बहुतांश अमेरिकेच्या कापसावर चालत. उत्तरेकडच्या आरमाराने दक्षिणेची बंदरं अडवली आणि गिरण्यांना कापूस मिळेना. मग मुंबई बंदरातून जाणाऱ्या कापसाला न भूतो असा भाव आला. खानदेश, वऱ्हाड, गुजरात, सगळीकडे ज्वारीच्या जागी कपाशी चढली. नेमक्या याच वर्षांत ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचा रूळ खानदेशातून भुसावळकडे सरकत होता. मुंबईत पैशाचा पूर आला आणि तो शेअरबाजारात आणि समुद्र हटवून जमीन करणाऱ्या कंपन्यांत ओतला गेला. प्रेमचंद रायचंद या कापूसदलालाचं नाव त्या सट्ट्याशी कायमचं जोडलं गेलं.

एप्रिल 1865 मध्ये युद्ध संपलं. अमेरिकेचा कापूस परत येणार हे दिसताच भाव कोसळले. त्या वर्षी जुलैमध्ये वायद्यांचे सौदे पुरे करायची वेळ आली तेव्हा मुंबईत एकामागून एक पेढ्या बुडाल्या, आणि पुढे काही वर्षांतच बँक ऑफ बॉम्बेही मोडली. शेतकऱ्यापर्यंत हा धक्का हळूहळू पोचला. तेजीत मिळालेल्या पतीवर घेतलेली कर्जं मंदीतही फेडायचीच होती, वर सरकारी शेतसाऱ्याची आकारणी वाढलेली. 1875 मध्ये पुणे आणि अहमदनगर जिल्ह्यांत शेतकऱ्यांनी सावकारांच्या वह्या जाळल्या. त्यानंतर 1879 मध्ये कर्जदार शेतकऱ्यांना थोडं संरक्षण देणारा कायदा आला. म्हणजे युद्ध संपल्यापासून दंगे होईपर्यंत दहा वर्षं गेली. पिकाचा विलंब सहा महिन्यांचा असतो, कर्जाचा दशकाचाही असू शकतो. पुढे व्याजदरांकडे येऊ तेव्हा हे लक्षात ठेवावं लागेल.

हीच गोष्ट नव्या कपड्यांत आपण नुकतीच पाहिली. 2021-22 च्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव 6,025 रुपये होता आणि बाजारात भाव 10,000 च्या वर गेला. कोरोनानंतर जगभर कापडाची मागणी उसळली होती. पुढच्या हंगामात अनेकांनी खेडा खरेदीला आलेल्या व्यापाऱ्याला परत पाठवलं आणि कापूस घरात भरून ठेवला. ओटा, माजघर, खाटेखालची जागा, सगळीकडे कापूस. घरातल्या माणसांच्या अंगाला खाज सुटल्याच्या तक्रारी त्या वर्षी बातम्यांत आल्या. भाव मात्र परत दहा हजारांवर गेला नाही, कारण जगातल्या सूतगिरण्यांनी तेजीत घेतलेला साठा अजून संपला नव्हता आणि कापडाची मागणी ओसरली होती. शेवटी 2023 च्या उन्हाळ्यात तोच कापूस बाहेर पडला, तोही सगळ्यांचा एकदम.

साठा हा खरं तर झोका शांत करणारा असतो. पडत्या भावात विकत घेऊन ठेवायचं आणि चढत्या भावात बाहेर काढायचं, हे कोणीतरी केलं की बाजार सपाट होतो. पण भाव चढताना "अजून चढेल" म्हणून सगळेच धरून बसले तर तोच साठा झोक्याला आणखी धक्का देतो.

आता थोडं माणसाबाहेर जाऊ. कपाशीवरचा मावा आणि त्याला खाणारा ढालकिडा, यांचंही असंच चालतं. मावा वाढला की ढालकिड्याला खाद्य मिळतं, त्याची पिल्लावळ वाढते, पण थोड्या उशिराने. मग ढालकिडे मावा फस्त करतात, खाद्य संपतं, ढालकिडे घटतात, आणि मावा पुन्हा डोकं वर काढतो. शिकार आणि शिकारी यांच्या या लयीचं गणित 1920 च्या दशकात अमेरिकेत आल्फ्रेड लोटका आणि इटलीत व्हितो व्होल्तेरा यांनी स्वतंत्रपणे मांडलं. व्होल्तेराचा जावई ॲड्रियाटिक समुद्रातल्या मासळीचे आकडे पाहत होता. पहिल्या महायुद्धात मासेमारी कमी झाली, तेव्हा दुसऱ्या माशांना खाणाऱ्या माशांचं प्रमाण वाढलं होतं. का, हे व्होल्तेराने समीकरणाने दाखवलं, आणि त्याच समीकरणातून शेतकऱ्याच्या कामाची एक गोष्ट निघाली. दोघांनाही सारखंच मारणारी गोष्ट केली, मग ती जाळं असो की सरसकट फवारणी, तर सरासरीत शिकार वाढते आणि शिकारी घटतो. फवारा मारून मावा मेला असं वाटतं, पण ढालकिडाही मेला, आणि तो परतायला जास्त वेळ घेतो. मधल्या मोकळ्या मैदानात मावा जोरात येतो. औषधाच्या दुकानदाराला हे चक्र आवडत असावं.

गुलाबी बोंडअळीत निसर्ग आणि तंत्रज्ञान यांची गाठ पडली. अळीला मारणारं विष झाडातच तयार करणाऱ्या बीटी कपाशीला देशात 2002 मध्ये परवानगी मिळाली, दोन जनुकांचं पुढचं वाण 2006 मध्ये आलं. सुरुवातीची वर्षं फवारणीचा खर्च खरोखर कमी झाला आणि बीटी वणव्यासारखी पसरली. तंत्रज्ञानाची वाढ नेहमी अशीच वक्ररेषेत होते: आधी चार धाडसी माणसं, मग सगळा गाव, मग नवीन घेणारा कोणी उरतच नाही. एसटीडी बूथ, सायबर कॅफे यांच्याही वाटा अशाच चढल्या आणि उतरल्या, ते सांगत बसत नाही. बीटीची गोष्ट वेगळी एवढ्याचसाठी की इथे समोर जिवंत प्रतिस्पर्धी होता. जवळजवळ प्रत्येक वावरात तेच विष असल्यावर त्याला पचवणारी अळीच तगून पुढची पिढी वाढवणार. पहिल्या बीटीला पचवणारी गुलाबी अळी 2010 पर्यंत गुजरातेत सापडली, आणि 2017 च्या हंगामात दुसऱ्या बीटीसकट महाराष्ट्रभर तिने बोंडं पोखरली.

हे लांबवायचा उपाय पाकिटातच दिला होता. 450 ग्रॅमच्या बीटी बियाण्यासोबत 120 ग्रॅमची बिगर-बीटी पुडी येई. ती कडेने लावायची, म्हणजे तिथे साध्या अळ्या जगतील, त्यांचा प्रतिकार कमावलेल्या अळ्यांशी संकर होईल आणि प्रतिकार पातळ होत राहील. बहुतेकांनी ती पुडी बांधावर फेकली. एकट्याने लावून काय होणार, असा हिशेब. तो हिशेब एका माणसापुरता बरोबर होता, हीच तर अडचण.

बोंडअळीच्या बाबतीत मात्र चक्र तोडता येतं, आणि कसं तोडतात हे पाहण्यासारखं आहे. ही अळी जवळजवळ फक्त कपाशीवर जगते. डिसेंबरनंतर शेत मोकळं झालं तर तिला खायला काही उरत नाही. पण फरदड ठेवली, म्हणजे वेचणी झाल्यावरही कपाशी उभीच राखली, पऱ्हाट्यांचे (वाळलेल्या झाडांचे) ढीग बांधावर रचले, जिनिंगमध्ये सरकी पडून राहिली, तर तिचा पूल तयार होतो. पुढे मे महिन्यात बागायती कपाशी लागली की तिला जूनअखेरीसच फुलं मिळतात, डोमकळ्या (आत अळी शिरल्याने न उमललेली फुलं) दिसायला लागतात. म्हणून कृषी विभाग बियाण्याची विक्री लवकर सुरू होऊ देत नाही. शेतकऱ्याला हे आवडत नाही, कारण लवकर लावलेली कपाशी लवकर घरात येते आणि मागून रब्बीचा गहू-हरभरा साधतो. त्याचाही मुद्दा खोटा नाही. पण मादीच्या वासाने नर पतंग धरणारे कामगंध सापळे कितीही लावले तरी दोन हंगामांमधली ही उपाशी फट ठेवण्याइतकं स्वस्त दुसरं काही नाही.

सबंध अर्थव्यवस्थेची चक्रं म्हणजे हेच विलंब एकावर एक रचलेले. जोसेफ किचिन याने 1923 मध्ये सुमारे चाळीस महिन्यांची एक लय दाखवली; ती गोदामातल्या साठ्याची मानली जाते. दुकानदार जास्त माल भरतो, मग तो खपवत बसतो, तोवर नवी ऑर्डर देत नाही, आणि कारखाना विनाकारण थंडावतो. क्लेमां झ्युग्लार या फ्रेंच डॉक्टरने 1862 मध्ये त्याहून लांब, सात ते अकरा वर्षांची लय मांडली, ती पुढे यंत्रं आणि कारखान्यांतल्या गुंतवणुकीशी जोडली गेली. धंदा बरा चालला की दोन नव्या मिला उभ्या राहतात, त्या चालू होईपर्यंत आणखी चौघांनी कर्ज काढलेलं असतं. निकोलाय कोन्द्रातिएव या रशियन अर्थतज्ज्ञाने तर चाळीस-साठ वर्षांच्या लाटा सांगितल्या: वाफ, रेल्वे, वीज असं एकेक तंत्रज्ञान चढतं आणि मुरतं. स्टालिनच्या राजवटीत 1938 मध्ये त्याला गोळी घातली. त्याच्या लाटा मला मोहक वाटतात, पण आधुनिक उद्योगाच्या अडीचशे वर्षांत अशा जेमतेम चार-पाच लाटा बसतात. चार-पाच घटनांवरून नियम काढायचा तर मग आमच्याकडचे भविष्यवाले काय वाईट?

व्याजदराचं चक्र मात्र रोजच्या जगण्यात जाणवतं. कोरोनात रिझर्व्ह बँकेने मे 2020 मध्ये रेपो दर, म्हणजे ती बँकांना ज्या दराने कर्ज देते तो, 4 टक्क्यांवर आणला. महागाई चढल्यावर मे 2022 पासून तो वाढवत फेब्रुवारी 2023 पर्यंत 6.5 टक्क्यांवर नेला, दोन वर्षं तिथेच ठेवला, आणि फेब्रुवारी 2025 पासून उतरवत जूनमध्ये 5.5 टक्क्यांवर आणला. दर बदलला त्या दिवशी बाजारात महागाई बदलत नाही. बँका कर्ज महाग करतात, मग कोणी ट्रॅक्टर पुढे ढकलतो, कोणी घराचा स्लॅब, मग सिमेंट-लोखंडाची मागणी उतरते. याला काही तिमाह्या जातात. नळ न्हाणीघरात, टाकी गच्चीवर. म्हणून मध्यवर्ती बँक घाईने मोठा झटका न देता पाव टक्का, अर्धा टक्का असं फिरवते.

कर्जाचं चक्र सगळ्यात लबाड, कारण तेजीत ते दिसतच नाही. जमिनीचा भाव चढला की तीच जमीन तारण ठेवून जास्त कर्ज मिळतं, त्या कर्जातून आणखी जमीन घेतली जाते, भाव आणखी चढतो. सोन्याच्या तारणाचंही तेच. उतरताना साखळी उलटी फिरते. पीककर्जाचं दर वर्षी "जुनं-नवं" करून, म्हणजे जुनं फेडून लगेच नवं उचलून, काही वर्षं निभतात, पण एखादा हंगाम बुडाला की व्याजाची सवलतही जाते आणि पुढचं कर्जही अडतं.

मग कळतं तर लोक उलटं का वागत नाहीत? पडत्या भावात लावा आणि चढत्या भावात थांबा, असं शहाणपण टपरीवर फुकट मिळतं. पण पडत्या भावाच्या वर्षी हातात पैसा नसतो, बी-बियाण्याची उधारी थकलेली असते, आणि बँकेचा साहेबही त्याच वर्षी हात आखडता घेतो. चक्राच्या तळाशी पेरायला आधी त्या तळातून जिवंत निघावं लागतं. शिवाय सगळेच उलटे वागले तर तोच नवा कळप होईल आणि चक्र एक पाऊल सरकून तसंच फिरेल.

म्हणून भावाचं भाकीत विचारण्यापेक्षा दोन साधे प्रश्न विचारावेत असं मला वाटतं. या मालाला किती वेळ लागतो, आणि त्या वेळेत येऊ घातलेला माल आत्ता कुठे दिसतो? भाव हा मागचा आरसा आहे. पुढचा माल रोपवाटिकेतल्या केळी-रोपांच्या बुकिंगमध्ये दिसतो, कृषी केंद्रावर कुठलं बियाणं संपलं यात दिसतो, आयातीच्या सौद्यांत दिसतो, जिनिंगच्या आवारातल्या गाठींत दिसतो. रोपांना महिनोन्‌महिने नंबर लागला असेल तर आजचा नवतीचा भाव कितीही गोड असला तरी वर्षभराने बाजारात कोण-कोण उभं असेल ते आत्ताच मोजता येतं. हवामानाचंही तसंच. प्रशांत महासागराचं पाणी तापवणारा आणि आपला पाऊस बहुधा कमी करणारा एल निनो दोन ते सात वर्षांच्या अंतराने येतो, म्हणजे त्याला ठरलेली तारीख नाही. 2020 पासून सलग तीन हिवाळे ला निना, म्हणजे त्याची थंड पाण्याची उलट बाजू होती, मग 2023 मध्ये एल निनो आला आणि तो ऑगस्ट देशात 1901 पासूनचा सगळ्यात कोरडा ऑगस्ट ठरला. "दर चौथ्या वर्षी दुष्काळ" या हिशेबावर बसलेल्याला यातून काही मिळालं नसतं. प्रशांत महासागराच्या पाण्याचं तापमान पाहणाऱ्याला काही महिने आधी इशारा मिळाला होता.

आणि काही गोष्टी चक्र नसतातच, त्या नुसत्या उतरत असतात. रावेर-यावलच्या विहिरींचं पाणी पावसाळ्यात चढतं, उन्हाळ्यात उतरतं. ते घड्याळ आहे. पण दर वर्षीच्या चढ-उताराखाली मूळ पातळीच खाली चालली आहे, आणि हे दोन्ही तालुके भूजलाच्या अतिउपशासाठी ओळखले जातात. चांगला पाऊस झाला की विहीर भरलेली दिसते आणि "आलं की परत" असं वाटतं. आधी विहीर होती, मग विहिरीत आडवे बोअर झाले, मग उभे, मग आणखी खोल. सातपुड्याच्या पायथ्याशी दगडगोट्यांचा, वाळूचा बझाडा पट्टा आहे. तो पाणी झरझर आत घेतो, पण घेण्यापेक्षा उपसा जास्त आहे. तापीचं पुराचं पाणी वळवून या पट्ट्यात मुरवायची कल्पना कित्येक वर्षं चर्चेत होती. मे 2025 मध्ये महाराष्ट्र आणि मध्य प्रदेश यांनी त्या महापुनर्भरण प्रकल्पाचा करार केला. कालवे खणून पाणी मुरायला लागेपर्यंत वर्षं जातील, आणि तोवर दर मृगाला आणि दर कांदेबागेला नवी केळी लागत राहणार, त्याच विहिरींवर.